बारदानीचं पोट

डाळ मिलमध्ये तुरीची डाळ निघते, साल निघते आणि चुनी निघते. डाळ बाजारात जाते, चुनी जनावराला जाते, साल भट्टीत जाते. किस्से मात्र कुठेच जात नाहीत. ते कोपऱ्यात साचतात. झाडू मारला तरी थोडे उरतातच.

मी लातूरच्या एका डाळ मिलमध्ये हमालांचा मुकादम आहे. चौथी शिकलो. त्यानंतर शाळेला माझी गरज पडली नाही. लोक मला कडक म्हणतात. बरोबर म्हणतात. चहाच्या टपरीवर पोरं विचारतात, "मुकादम, तुम्ही कधी हसता का हो?" मी किस्से सांगतो. हसायचं काम ऐकणाऱ्याचं.

आज मांजरीचे सांगतो.

*

हिमायतनगरहून रिकाम्या पोत्यांचे गठ्ठे आले होते. एक गठ्ठा सोडला तर आतून मांजरीचं पिल्लू निघालं. मूठभर. सत्तार, आमचा सगळ्यात जुना हमाल, म्हणाला, "इसका नाम शहजादी रखेंगे."

मालक गादीवर बसले होते. आम्ही त्यांना अप्पा म्हणतो. कपाळाला भस्माचे पट्टे, अंगात पांढरी बंडी, बोलणं थोडं.

"बारदान्यातून आली. बारदानी," अप्पा म्हणाले.

नाव ठरलं. मग अप्पांनी कायदा सांगितला. या गेटच्या आत अंडंसुद्धा येत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. सत्तार आपला डबा गेटबाहेरच्या लिंबाखाली खायचा. आता मांजरीलाही तोच कायदा. सकाळ-संध्याकाळ ताक-भाकरी. दुसरं काही नाही.

सत्तार म्हणाला, "अप्पा, लेकिन वो चूहे खायेगी ना!"

अप्पा म्हणाले, "ते तिचं काम हाय. काम येगळं, जेवण येगळं!"

*

बारदानी कामाला वाघीण निघाली. तिच्या काळात पोत्याला भोक पडलं नाही. स्वच्छही तेवढीच. भट्टीमागे राखेचा ढीग असतो, तिथे जाणार, उकरणार, झाकणार, परत येणार. माणसांना असं वळण लागत नाही.

फक्त तिचं पोट. ताक-भाकरी आणि उंदीर सोडून दुसरं काही पोटात गेलं की राखेपर्यंत जायला तिला वेळ मिळायचा नाही. मग ती जिथं असेल तिथं. आणि ती नेमकी नको तिथंच असायची.

पहिल्या वेळी ती अप्पांच्या गादीवर होती. त्या दिवशीच पांढरी चादर बदलली होती.

आदल्या दिवशी ईद झाली होती. अप्पांनी जास्त शोध घेतला नाही. सत्तारला समोर उभा केला.

"काल मांजरीला काय चारलं?"

"मैं नै दिया अप्पा. उसने खुद लिया."

"डबा उघडा व्हता?"

"नै. बंद था."

"खटक्याचा डबा?"

"हौ."

"मग मांजरीनं खटका उघडला?"

सत्तार मागे हटणाऱ्यातला नाही. म्हणाला, "हौ अप्पा. लई होशियार बिल्ली है!"

अप्पांनी मान हलवली. मला म्हणाले, "मुकादम, उद्यापासून बारदानी वजनकाट्यावर बसंल. हा उंदरं धरंल."

*

कलाबाई आमच्याकडे डाळ निवडते. तिच्या नजरेतून खडा सुटत नाही, आणि तिच्या तोंडून कुणी सुटत नाही.

महाशिवरात्रीला अप्पांच्या घरून सगळ्या मिलला फराळ येतो. भगर आणि शेंगदाण्याची आमटी. त्या दिवशी मी ताक-भाकरीची ताटली घेऊन निघालो तर कलाबाई आडवी आली.

"मुकादम, समदी मिल उपाशी, अन् ही एकटी भाकरी खाणार? पाप लागंल तिला!"

"मांजर आहे ती," मी म्हणालो.

"म्हणून काय झालं? महादेव तिचा न्हाई का?"

बाईशी वाद घालायला मला वेळ नव्हता, पोती उतरायची होती. कलाबाईनं तिला भगर-आमटी चारली. बारदानीनं वाटी चाटून साफ केली. दुपारी तिनं सगळ्यांसमोर एक उंदीर धरला आणि खाल्ला. संध्याकाळी तिचं पोट गेलं. या वेळी कलाबाईच्या सुपात.

मी म्हणालो, "बघ. तुझ्या भगरीनं केलं."

कलाबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "भगरीला नाव ठिवू नका! तिनं उंदीर खाऊन उपास मोडला. उपास मोडल्यावर असंच व्हतं!"

आणि गंमत म्हणजे मिलमधल्या निम्म्या लोकांना ते पटलं!

*

मग अप्पांच्या मुलाचं, महेशचं, लग्न झालं. महेश पुण्याला शिकून आलेला. ऑफिसात कॅमेरे लावले, संगणक आणला. पोरगा वाईट नाही. घाईचा आहे. मला मामा म्हणतो. सून नांदेडची. स्नेहल. तिच्या माहेरी मांजरं होती. मिल बघायला आली ती थेट बारदानीपाशी जाऊन बसली.

दुसऱ्या खेपेला ती मांजरीच्या खाण्याचं पाकीट घेऊन आली. मी त्यातले दाणे हातात घेऊन पाहिले. सगळे एका मापाचे. ग्रेडिंग चांगलं होतं.

अप्पांनी पाकीट उलटंसुलटं केलं. "याच्यावर मासा का हाय?"

"अप्पा, ते नुसतं चित्र आहे," स्नेहल म्हणाली.

"शेंगदाण्याच्या पाकिटावर शेंगदाण्याचं चित्र असतं," अप्पा म्हणाले, "अन् आत शेंगदाणेच असतात."

पाकीट गेटबाहेर गेलं. बारदानीही त्याच्या मागे गेली. लिंबाखाली स्नेहलनं तिला वाटी भरून दाणे घातले. सगळे खाल्ले. पुन्हा मागितले. पुन्हा घातले.

त्याच दिवसांत महेशची एका मोठ्या कंपनीशी बोलणी चालू होती. आमची डाळ त्यांच्या पिशवीत जाणार होती. महेशनं ऑफिसच्या टेबलावर डाळीचे नमुने स्टीलच्या थाळ्यांत मांडून ठेवले होते. तूर, हरभरा, मूग, उडीद.

सकाळी ऑफिस उघडलं. एक नमुना वाढला होता.

महेशचा चेहरा लाल झाला. "मामा, बस झालं आता! पुन्हा एकदा असं झालं की हिला धर्माबादला पाठवणार. तिथं माझ्या मित्राचं मिरचीचं गोदाम आहे. त्यालाही मांजर पाहिजेच आहे."

हमाल उभे होते. कलाबाई उभी होती. सगळे माझ्याकडे बघत होते.

मी म्हणालो, "ती गेली तर मीपण गेलो समज."

मी असं बोलत नाही. पण बोललो की बोललो.

*

स्नेहलला वाईट वाटलं. तिनं बारदानीला टोपलीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. सोबत मी आणि अप्पा. तिथं एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली, आणि विचारलं, "खाणं बदललं का?"

"बदललं," स्नेहल म्हणाली.

"एकदम?"

"एकदम. तिला लई आवडलं म्हणून..."

"आवडणं वेगळं, पचणं वेगळं," डॉक्टरीण म्हणाली. "मांजराचं पोट सवयीचं असतं. जुनं एकदम बंद करू नका. जुन्यात नवं चिमूटभर मिसळा. पोट ठीक राहिलं तर रोज थोडं वाढवा. बिघडलं तर परत सवयीचं द्या, पाणी भरपूर ठेवा, आणि थांबलं नाही तर इकडं आणा."

बाई नीट बोलली. मला आवडलं.

मग ती अप्पांना म्हणाली, "आणि आजोबा, मांजर शाकाहारी नसतं. नुसत्या ताक-भाकरीवर तिचं भागत नाही."

अप्पा म्हणाले, "म्हाईत हाय. बाकीचं तिचं ती बघती. मी विचारीत न्हाई, ती सांगत न्हाई!"

त्या दिवसापासून स्नेहल लिंबाखाली बसून भाकरीच्या काल्यात चिमूटभर दाणे मिसळू लागली. हळूहळू वाढवत नेले. बारदानीचं पोट हललं नाही. अप्पा गेटच्या आतून बघायचे. गेटबाहेर त्यांचा कायदा नव्हता.

*

डॉक्टरिणीचं ते बोलणं अप्पांच्या डोक्यात असं बसलं की विचारू नका.

एकदा महेश गादीसमोर येऊन उभा राहिला. "अप्पा, आता मालाची खरेदीसुद्धा मीच बघतो. तुम्ही आराम करा."

अप्पांनी चष्मा काढला. "एकदम?"

"एकदम म्हणजे? कधीतरी करायचंच आहे ना!"

"जुन्यात नवं चिमूटभर मिसळायचं. पोट ठीक राह्यलं तर रोज थोडं वाढवायचं."

"अप्पा, हे मांजरीचं औषध आहे!"

"मिल काय येगळी हाय का?" अप्पा म्हणाले. "एकदम तुझ्या हातात दिली तर जुलाब लागतील तिला!"

महेशला रोज एका शेतकऱ्याचा माल घ्यायची परवानगी मिळाली. बाकीचा अप्पा घ्यायचे. सत्तार महेशला विचारायचा, "छोटे मालक, आज कितना चम्मच मिला?"

*

आणि मग कंपनीचे लोक येण्याचा दिवस ठरला.

मिल धुतली. भिंतींना चुना दिला. महेशनं सगळ्यांना उभं करून सांगितलं, "मांजरीला कुणीही काहीही चारायचं नाही. फक्त स्नेहल देईल तेच." मी वेगळं सांगितलं नाही. मी नुसतं एकेकाकडे बघितलं. सत्तारनं आपल्या डब्याला तारेनं गाठ मारली. कलाबाईनं शपथ घेतली. मिलमध्ये कधी नाही अशी शिस्त आली.

कंपनीचे दोन साहेब आले. त्यांच्यासाठी महेशनं कागदी टोप्यांचं नवं खोकं आणलं होतं. डाळीत केस पडू नये म्हणून डोक्याला घालतात तशा. महेशनं सगळी मिल दाखवली. भट्टी, चाळण्या, गोदाम. साहेब खूश. शेवटी पॅकिंगच्या खोलीपाशी आले. महेश म्हणाला, "सर, आत जायच्या आधी टोपी."

मोठ्या साहेबांनी खोक्यात हात घातला.

मग हात वर काढला आणि तसाच धरून उभे राहिले.

खोक्यामागून बारदानी बाहेर आली, अंग ताणलं आणि निघून गेली.

साहेबांचा हात धुवून दिला. चहा झाला. जाताना ते म्हणाले, "माल चांगला आहे. मिल चांगली आहे. पण पॅकिंगमध्ये मांजर चालणार नाही."

ते गेल्यावर महेशनं विचारलं, "कुणी काय चारलं?" सत्तारनं तारेची गाठ दाखवली. कलाबाईनं पुन्हा शपथ घेतली. स्नेहल रडकुंडीला आली. मी अप्पांकडे बघितलं. अप्पा छताकडे बघत होते.

महेशचा पहिला मोठा सौदा. घरी आदल्या दिवशी बासुंदी झाली होती.

थोड्या वेळानं कलाबाईनं मला बाजूला बोलावलं. पदराखालून एक वाटी काढली. गादीवरच्या लोडामागे सापडली म्हणाली. चांदीची. बुडाला दूध वाळलेलं. मिलमध्ये चांदीची वाटी एकाच माणसाची असते. मी ती धुतली आणि देवापुढे ठेवून दिली.

महेश म्हणाला, "मी बोललो होतो. ही धर्माबादला जाणार."

कुणीतरी अडवायला पाहिजे होतं. अप्पा अडवू शकले असते. पण अप्पांनी तोंड उघडलं असतं तर बासुंदी बाहेर आली असती!

*

बारदानी टेम्पोतून गेली. कलाबाईनं सोबत भाकऱ्या बांधून दिल्या, लेकीला देतात तशा. टेम्पो गेटबाहेर पडला. मी टॉवेल खांद्यावर टाकला आणि औशाच्या बसमध्ये बसलो. औशाच्या पुढे माझं गाव.

महेश स्टँडपर्यंत मागे आला. "मामा, मांजरीसाठी कुणी काम सोडतं का?"

मी म्हणालो, "मांजरीसाठी नाही सोडलं. शब्दासाठी सोडलं."

घरी बायकोनं विचारलं, "सुट्टी?"

"सोडलं."

"कशापायी?"

"मांजर पाठवली."

तिनं माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. मग म्हणाली, "मांजरीला धर्माबाद पाठवलं. तुमाला तिकडंच का न्हाई पाठवलं?"

*

पुढचं सत्तारनं मला फोनवर सांगितलं. तो रोज फोन करायचा, कामाचं काही नसायचं.

बारदानी गेल्यावर उंदरांना बातमी लागली. सौदा ठरला होता, कंपनीचं नाव छापलेल्या नव्या पिशव्या आल्या होत्या, त्यांचाच पहिला चावा घेतला. महेशनं पिंजरे आणले. पिंजऱ्यात भजी ठेवली. उंदरांनी भजी खाल्ली आणि पिंजऱ्यावर बसून मिशा पुसल्या.

त्यातच धर्माबादहून मित्राचा फोन आला. महेशनं स्पीकर लावला होता, म्हणून सगळ्या मिलनं ऐकलं.

"अरे महेश, ही कसली मांजर दिली बाबू! आमच्या घरी सगळे भात खातो, तिला पण भातच दिला. वरून पप्पू, म्हणजे आमचं वरण. पोट बिघडलं रे तिचं! पळत मिरचीच्या पोत्यावर जाऊन बसते..."

"मग?" महेशनं विचारलं.

"मग काय! मिरची हाय ना ती! बसली की उडते! बसली की उडते! अख्खं गोदाम काम सोडून तिलाच बघून राहिलं!"

मिल हसली. महेश हसला नाही. संध्याकाळी त्यानं सुताराला बोलावलं आणि गोदाम आणि पॅकिंगची खोली यांच्यामध्ये जाळीचा दरवाजा लावून घेतला. इकडं मांजर, तिकडं माल. सकाळी त्यानं गाडी काढली. कुठं चालला विचारलं तर म्हणाला, "धर्माबादला. मिरचीचा भाव बघायला."

आमची मिल तुरीची आहे.

*

दुपारी मला अप्पांचा फोन आला. अप्पा फोनवर "हॅलो" म्हणत नाहीत.

"मांजर येऊन राह्यली. तुमी गेटवर पाहिजेत."

मी टॉवेल घेतला.

दिवस कलला तेव्हा गाडी गेटमध्ये शिरली. सगळे जमले होते. अप्पा गादी सोडून बाहेर आले होते, जे ते कुणासाठी करत नाहीत. महेश गाडीतून उतरला. घामाघूम. माझ्या हातात बारदानीची टोपली दिली, "मामा, आलात, बरं झालं," एवढंच म्हणाला, आणि मिलच्या मागच्या बाजूला पळाला. तिकडं संडास आहेत.

बारदानी वाळली होती, पण डोळ्यात तेज होतं. मला बघून एकदा ओरडली. टोपलीतून उडी मारली आणि भट्टीमागच्या राखेकडे पळाली. थोडं वाटेतच झालं.

सत्तारनं गाडीचं दार उघडलं. मागच्या सीटचं पांढरं कव्हर पांढरं राहिलं नव्हतं. पण तो तिकडं बघतच नव्हता. तो पुढच्या सीटखाली बघत होता. तिथं एक तेलकट कागद चुरगळून टाकला होता. तेलुगू छापाचा, धर्माबादकडचा. त्यानं तो उघडला. आत तळलेल्या माशांचे काटे होते. साफ. एकाशेजारी एक नीट ठेवलेले. बाजूला कांद्याच्या उरलेल्या चकत्या, आणि पिळलेल्या लिंबाच्या फोडी.

सत्तारनं तोंड उघडलं. मी त्याच्याकडे बघितलं. त्यानं मिटलं.

अप्पा काठी टेकत आले. कागद बघितला. काटे बघितले. लिंबू बघितलं. कागद हातात घेतला.

महेश पोटावर हात ठेवून परत आला. अप्पांच्या हातात कागद बघून जागीच थांबला.

"वाटेत मांजरीला काय चारलं?" अप्पांनी विचारलं.

महेश म्हणाला, "मी नाही दिलं अप्पा. तिनं... तिनं स्वतःच घेतलं."

सत्तार आभाळाकडे बघायला लागला. कलाबाईनं पदर तोंडात धरला.

"हाव," अप्पा म्हणाले. "अन् लिंबू कुणी पिळलं?"

महेशनं उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण त्याला थांबता आलं नाही. तो पुन्हा मागच्या बाजूला पळाला.

अप्पांनी कागदाची घडी घातली, आणखी एक घडी घातली, आणि स्वतःच्या हातानं भट्टीत टाकली. मग गादीकडे निघाले. जाताजाता मला म्हणाले, "मुकादम, ताक-भाकरी काढा."

मी बारदानीची ताटली उचलली.

"एक न्हाई," अप्पा म्हणाले. "दोन."